शेजारी उंच बिल्डिंग (टॉवर) येतेय अशी कुणकुण लागली तर पहिल्या दिवसापासून काय करायचं

आपल्याकडे कोकणात सगळ्यांना कळतं ते जेसीबी आल्यावर. गडगा (दगडी कुंपण) पडतो, फणस आडवा होतो, मग आळी जमते, कोणीतरी पेपरवाल्याला फोन करतं, आणि तोवर परवानगी मिळून सहा महिने झालेले असतात. आमच्याकडे अगदी असंच झालं, पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) वरच्या अंगाला बिल्डिंग उभी राहिली आणि आम्ही सह्या गोळा करत बसलो. म्हणून हे लिहितोय, ज्यांच्याकडे अजून नुसती चर्चाच आहे त्यांच्यासाठी.

पहिलं काम म्हणजे जागेचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर काढा. "देवळामागचा प्लॉट" असं लिहून दिलेला अर्ज कोणी हातात पण धरत नाही. सातबारा महाभूलेखवर फुकट बघता येतो, आणि नगर रचना कार्यालयातून त्या नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, त्यावर कळतं की जागा रहिवासी आहे, हरित आहे, का तिथे मैदानाचं आरक्षण आहे. दुसरं, प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील तर विकायच्या आधी महारेरात, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदणी करावीच लागते, आणि तिथे मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी सगळं अपलोड केलेलं असतं, घरबसल्या दिसतं. हे खूप लोकांना माहीतच नसतं.

तिथे नाही मिळालं तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे त्यामुळे गाऱ्हाणं लिहीत बसू नका, सरळ मागा: मंजूर नकाशा, परवानगीची प्रत, फायरचा ना हरकत दाखला, पाणी खात्याचा अभिप्राय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, सोडू नका.

आता मुख्य मुद्दा. "एवढी उंच नको" हा मुद्दा टिकत नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग सोडून जवळपास सगळ्या महाराष्ट्राला एकच विकास नियमावली लागू झाली, तिच्यात प्रीमियम (सरकारी शुल्क) भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क) आणून एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण, वाढवता येतो, त्यामुळे तुम्हाला उत्तर मिळणार "नियमात बसतंय". मग तुम्ही विचारायचं ते रस्त्याबद्दल, पाण्याबद्दल आणि पऱ्याबद्दल (ओढ्याबद्दल), आणि आकडे घेऊन विचारायचं.

रस्ता स्वतः टेपने मोजा. किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि आपल्या जुन्या गावठाणात कागदावरचा रस्ता आणि खरा रस्ता यात फरक असतो. गडग्यापासून गडग्यापर्यंत तीन ठिकाणी मापं घ्या, फोटो काढा, तारीख टाका, आणि लेखी विचारा की नकाशातली रुंदी आजची आहे का पुढे कधीतरी होणार ती धरलीय. अग्निशमनचा बंब आत वळतो का हे पण त्याच पत्रात.

पाण्याचं गणित तर कोणीही करू शकतो. ६० फ्लॅट, घरटी पाच माणसं, माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी हिशोब, म्हणजे ४०,५०० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर रोजचे चार. तुमच्या शहरात एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड पाणी येत असेल तर ते वेळापत्रक जोडा आणि विचारा की हे चार टँकर कुठून येणार, कोणाच्या बोअरमधून. आपल्याकडे बहुतेक लहान शहरांत भुयारी गटार नाही, सगळा कारभार सेप्टिक टँकवर चालतो, आणि आपला जांभा दगड सच्छिद्र आहे, वरचं पाणी खाली विहिरीत झिरपणारच. म्हणून खोदाई सुरू व्हायच्या आधी आपल्या विहिरीचं पाणी सरकारी प्रयोगशाळेतून तपासून रिपोर्ट ठेवा, उन्हाळ्यातली पातळी दोरीने मोजून लिहा, आणि घराच्या भिंतींचे फोटो काढा, कारण कातळ फोडायला ब्रेकर लागला की चिऱ्याच्या जुन्या घरांना तडे जातात आणि मग "हे आधीपासूनच होते" असं ऐकून घ्यावं लागतं. आमच्याकडे हे रिपोर्ट नव्हते, तेच आम्हाला सगळ्यात जास्त नडलं.

पऱ्या, वहाळ बुजवला जात असेल तर जुना गाव नकाशा भूमी अभिलेखातून काढा, त्यावर तो असतो. नदीजवळ असाल तर पूररेषा बघा, निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये काय झालं ते आठवा, पाण्याची वाट अडवायचा विषय निघाला की मला दुसरं काही सुचतच नाही. खाडीकाठी कांदळवन असेल तर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे त्याच्या भोवतीचे ५० मीटर मोकळे ठेवायचे आहेत, भराव दिसला की तहसीलदार आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष दोघांकडे फोटोसकट तक्रार द्या.

आता वेळेचं. एकट्या बिल्डिंगच्या परवानगीला शेजाऱ्यांची सुनावणी असा प्रकार आपल्याकडे नाही. सुनावणी मिळते ती विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा, किंवा राज्याच्या नगर रचना कायद्याच्या कलम ३७ खाली त्यात फेरबदल करतात तेव्हा, उदाहरणार्थ बागेचं आरक्षण उठवायचं असेल तर. त्याची जाहीर नोटीस पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, हरकतीला महिनाभर मिळतो, आणि तो महिना नेमका लावणीत किंवा गणपतीत निघून जातो. प्रत्येक आळीत एका माणसाने रोज नोटिसा वाचायचं काम घ्या. निवृत्त मास्तर, पोस्टातल्या काकू, कोणीही. २००६-०७ ला गोव्यातल्या लोकांनी प्रादेशिक आराखडा सरकारला मागे घ्यायला लावला, तो नकाशे वाचून आणि गावोगाव समजावून, नुसत्या घोषणांवर नाही.

हरकत एकाच मजकुराची पाचशे जणांनी दिली तर ती एकच धरली जायची भीती असते, म्हणून प्रत्येकाने आपल्या घराचा मुद्दा आपल्या शब्दात लिहा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, शिक्का आणि आवक नंबर दोन्ही. सुनावणीला स्वतः जा.

आणि जमीनवाल्यांशी भांडू नका. सातबाऱ्यावर पंधरा नावं असतात, निम्मे चाकरमानी मुंबईत, त्यांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं. गणपतीत घरी आले की जाऊन बसा, चहा घ्या, विहिरीचं सांगा. ग्रुपवर कोणावर पैसे खाल्ल्याचे आरोप टाकू नका, पुरावा नसेल तर उलटी नोटीस तुम्हालाच येते आणि मग घाबरून अर्धी आळी बाजूला होते.

बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, ती मिळाली की पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपिलाला फक्त ३० दिवस, कारण पटलं तर वर ६०. तेव्हा वकील शोधायला तेराव्या महिन्याची वाट बघू नका, वर्गणी आधीच काढून ठेवा. आणि काम चालू झालंच तरी जोत्याचं माप नकाशाशी ताडा, पार्किंगच्या जागी दुकानाचे गाळे पडतायत का बघा, जे चुकतंय ते भोगवटा प्रमाणपत्राच्या (राहायला जायच्या परवानगीच्या) आधी लेखी कळवा, कारण एकदा माणसं राहायला आली की त्यांच्या डोक्यावरचं छप्पर काढायला कोणीच येत नाही, आणि यावं असं आपल्यालाही वाटत नाही.