वार पडायची वाट पाहू नका, आधी वासराला चीक पाजा

जुन्नर-आंबेगावपासून बारामती-इंदापूरपर्यंत डिसेंबर-जानेवारीत पहाटे गोठ्यात पाय ठेववत नाही. अशा गारठ्यात गाय व्यायली की ओलं वासरू थेट थंड जमिनीवर येतं. धडधाकट वासरू तासाभरात धडपडत उठून सड शोधतं. जे मान टाकून पडून राहतं, त्याच्याकडे हातातली सगळी कामं सोडून बघा.

नाका-तोंडातला चिकटा काढा, कोरड्या पोत्यानं अंग खसाखसा पुसा. खाली भाताचा पेंढा किंवा कोरडं, बारीक केलेलं पाचट जाड अंथरा. नाळ पोटापासून दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्यानं बांधून त्याखाली नव्या ब्लेडनं कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. दोन-तीन दिवस आयोडीन लावत राहा.

आता चीक, म्हणजे व्यायल्यावर गाईला येणारं पहिलं घट्ट दूध. ‘वार (व्यायल्यानंतर गाईच्या पोटातून पडणारी झिल्ली, जार) पडल्याशिवाय चीक पाजू नये’ असं अजूनही अनेक घरांत सांगतात. कृपा करून हे ऐकू नका. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. वार पडायला आठ-बारा तास लागू शकतात. तेवढं थांबलात तर निम्मी संधी गेली. उलट वासरू सडाला लागलं की गाईची वार पडायला मदतच होते. पहिला चीक तासा-दोन तासांच्या आत पोटात जाऊ द्या. पहिल्या दिवसात वजनाचा दहावा भाग, म्हणजे पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर, तीन-चार वेळा विभागून पाजा. खरवस वासराचं पोट भरल्यावर. चीक उकळायचा नाही, अंगाइतका कोमट ठेवायचा.

अशक्त वासराच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहा. चोखत असेल तर निपलच्या बाटलीनं, मान किंचित वर ठेवून, हळूहळू पाजा. तोंड आतून गार लागलं आणि ते चोखत नसेल तर आधी ऊब द्या: गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कुशीला ठेवा, अंगावर पोतं घाला. घरच्या घरी नळीनं किंवा तांब्यानं घशात ओतलेलं दूध फुप्फुसात जाऊ शकतं आणि वासरू न्यूमोनियानं दगावतं. चोखतच नसेल तर पोटात नळी घालून पाजणं डॉक्टरांचं काम आहे. शेकोटी गोठ्यात नको, धूर कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. वाऱ्याच्या बाजूला पोती बांधा, वरचा भाग हवेसाठी मोकळा ठेवा.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत हगवण लागली तर दूध तोडू नका. दोन पाजण्यांच्या मधल्या वेळेत एक लिटर पाण्यात त्या मापाचं ओआरएसचं पाकीट विरघळवून थोडं थोडं पाजत राहा, दुधात मिसळू नका. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच जागेवर गेली नाही, डोळे खोल गेले, शेणात रक्त दिसलं, किंवा वासरू उभं राहीना, तर १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन लावा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. संध्याकाळी असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.