मृगाआधी उरकायची कामं: पुण्याच्या मातीत फळझाडं लावताना

आंबा, चिकू, पेरू, सीताफळ लावायचं ठरलं असेल तर रोपं आणायची घाई नको, आधी खड्डे. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे 25 मेपूर्वी, ते खणून उन्हात तापायला हवेत. आंबा-चिकूला तीन फूट लांब, रुंद आणि खोल. पेरू-सीताफळाला दोन फूट पुरे. वरची फूटभर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकायला सांगा आणि खणताना स्वतः उभे राहा, नाहीतर सगळ्याचा एकच ढीग होतो. सिंहगड-मुळशीकडच्या प्लॉटवर कातळ लागला तर सरळ जागा बदला. पहारीने फोडून केलेला खड्डा पावसात घंगाळासारखा भरून राहतो.

लोणी काळभोरकडची काळी जमीन असेल तर खड्डा अर्धा पाण्याने भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर दीड फूट उंच मातीचा भर करून त्यावर लावा, आणि पपईचा नाद सोडा. बुंध्याशी पाणी साचलं की ती टिकत नाही. मातीत चुनखडीचे खडे दिसले तर माती तपासून घ्या. अशा जमिनीत मुळांना लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि आपण उगाच खत वाढवत बसतो.

आता जात. हापूसचा मोह आवरा, तो कोकणालाच शोभतो. इथे केशर जास्त भरवशाचा, जागा कमी असेल तर आम्रपाली. पेरूत सरदार डोळे मिटून घ्या. 1927 साली फळशास्त्रज्ञ डॉ. चीमांनी तो आपल्या पुण्यातल्या गणेशखिंडीतच निवडला. लखनौ-49 म्हणून विकतात तोही हाच, वेगळा समजून दोन्ही आणू नका. चिकू कालीपत्ती, खिरणीच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या रोपावर, कलम बांधलेला.

उरुळी कांचनला रोपवाटिकांची रांगच आहे. तिथे पिशवीतच फळं लागलेलं उंच झाड पुढे करतील. ते राहू द्या. दोन फुटांचं, जोड नीट भरलेलं कलम घ्या आणि पावती मागा.

खड्डा भरताना वरची माती, चांगलं कुजलेलं शेणखत, आंब्याला दोन किलो सुपर फॉस्फेट, किलोभर निंबोळी पेंड. भर जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवा, पावसाने तो बसतोच. पहिल्याच सरीला लागवड नको. माती खोलवर भिजू द्या, जूनअखेर गाठली तरी चालेल. कलमाचा जोड मातीच्या वर हवा. पिशवी कापून काढा, जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी नंतर आठवणीने सोडा, बांबूचा आधार द्या. जोडाखाली फुटलेली फूट दिसेल तेव्हा खुडा, नाहीतर खुंटच वाढतो आणि कलम मरतं.

दिवाळीनंतर आळ्यात उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूने सावली करा. फक्त शनिवार-रविवारी जाणं होत असेल तर मेमध्ये पाणी कोण घालणार, हे आत्ताच ठरवा. आणि आंब्याला पहिली तीन वर्षं मोहोर आला तर खुडून टाका. घरचे कुरकुरतील, कुरकुरू द्या.