खाडा करून बघा

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट मी सलग 21 महिने पळाले, एकही खाडा न करता. नडगी ठणकायला लागली तरी पळाले. एक्स-रेत काही दिसेना (हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीला बहुतेकदा दिसतच नाही), एमआरआयत दिसली. डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद सांगितलं आणि मी तिथेच रडले. हाडासाठी नाही, उद्या सकाळी करायचं काय म्हणून.

आपल्याला व्यायामाचं व्यसन लागलंय का अशी तुम्हालाही शंका येत असेल, तर किती तास व्यायाम करता ते मोजत बसू नका. मॅरेथॉनची तयारी करणारा आठवड्याला 70 किलोमीटर पळूनही ठीक असतो आणि रोज 40 मिनिटंच करणारा अडकलेला असू शकतो.

2004 साली तयार झालेली सहा विधानांची एक प्रश्नावली आहे. व्यायाम ही आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे का, त्यावरून घरात भांडणं होतात का, मन ताळ्यावर आणायला तो लागतो का, प्रमाण वाढतंय का, चुकला की चिडचिड होते का, कमी केला तरी पुन्हा तेवढ्यावरच येता का. प्रत्येकाला 1 ते 5 गुण द्या. बेरीज 24 किंवा जास्त आली तर धोका समजा. हे निदान मात्र नव्हे. घरच्या माणसालाही तुमच्याबद्दल भरायला सांगा. मी स्वतःला 19 दिले होते, नवऱ्याने 26.

मग खाडा करा. सलग दोन दिवस, आधीच कॅलेंडरवर खूण करून. त्या दिवशी जिने चढउतार नाही, रात्री गुपचूप सूर्यनमस्कार नाहीत. वहीत लिहा: झोप, राग, जेवण. घाटाची आठवण आली तर ती आवड आहे. पण ‘आज पळाले नाही’ म्हणून अर्धी भाकरी परत टोपल्यात ठेवलीत, तर तिथे थांबा. मी वर्षभर तेच करत होते. पाळी लांबली, ती मी वयावर ढकलली. व्यायामात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं कमी पडलं की आधी पाळी बिघडते, मग हाडं ठिसूळ होतात. तरुण मुलींनो, तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाच.

दोन दिवस जमलेच नाहीत तर स्वतःला दोष देऊ नका. 1970 मध्ये बेकलँड नावाच्या संशोधकाला महिनाभर व्यायाम सोडणारी माणसं हवी होती. रोज करणारे पैसे घेऊनही तयार होईनात. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

हाड भरल्यावर मी व्यायाम सोडला नाही. घड्याळ कपाटात ठेवलं, माझ्याहून हळू पळणाऱ्या मैत्रिणीसोबत निघते, आणि गुरुवारी खाडा. पहिले चार गुरुवार फार जड गेले. पाचव्या गुरुवारी सात वाजता जाग आली.