विस्ताराच्या कामात नवीन आहात? आधी बोंडं फोडायला शिका

कृषी पदवी घेऊन विस्ताराच्या, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत सल्ला पोहोचवण्याच्या, कामाला लागलो तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या पहिल्याच सभेत मी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर पाऊण तास बोललो. जीवनचक्र, पतंग, कोष, सगळं. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "सायेब, फवारू का नको, तेवढं सांगा ना." त्यांचं शेत मी पाहिलंच नव्हतं.

'प्रशिक्षण व भेट' पद्धत तुम्ही परीक्षेपुरती पाठ केलीच असेल. १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या पाठबळावर ती भारतात आली. ठरलेल्या दिवशी भेट, निवडक संपर्क शेतकरी आणि त्यांच्याकडून बाकीच्यांना माहिती. शिस्त उत्तम होती, पण निरोप वरून यायचा. माझी सभा म्हणजे त्याचीच शिळी आवृत्ती.

शेतीशाळेत, म्हणजे शेतातच भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वर्गात, मात्र भाषण चालत नाही. ही कल्पना १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या किडींसाठी सुरू झाली. पेरणीपासून काढणीपर्यंत तेच शेतकरी, तेच शेत. आम्ही २० हिरवी बोंडं तोडून फोडायचो. दोनांत अळी किंवा नुकसान दिसलं, म्हणजे १० टक्के, की फवारणीचा विचार. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरी तेच. मोजणी शेतकऱ्याने स्वतः केली की 'फवारू का' हा प्रश्न तुमच्याकडे येतच नाही. शेतीशाळा वेळ मात्र भयंकर खाते. एका हंगामात मोजकीच गावं होतात, आणि अहवालात ते फार केविलवाणं दिसतं.

माझी मोठी चूक वेळेची. शाळा सकाळी दहाला ठेवायचो. त्या वेळी बाया निंदणाला गेलेल्या, आणि पानाखालची कीड आधी त्यांनाच दिसते. पुढच्या हंगामात मी त्यांच्या निंदणाच्या धुऱ्यावरच शाळा भरवली.

किसान कॉल सेंटर (१८००-१८०-१५५१) घाईच्या प्रश्नाला चांगलं. पण समोरच्याला तुमचं पान दिसत नाही, म्हणून लक्षणं नीट सांगायला शिकवा.

राहिला गावातला खरा विस्तार अधिकारी: बियाणं-औषधं विकणारा कृषी केंद्रवाला. तो उधारी देतो, रात्री आठलाही भेटतो. त्याला शत्रू मानून मी एक हंगाम घालवला. नंतर फोडलेली बोंडं पिशवीत घालून त्याच्याच काउंटरवर नेऊन ठेवू लागलो. पहिल्यांदा तो वैतागला. तिसऱ्यांदा त्यानेच गिऱ्हाइकाला विचारलं, "बोंडं फोडून पाहिली का?"