नेसेसिटीचा बचाव: मूट कोर्टात या चुका टाळा

ऐन जुलैत रत्नागिरीपासून 18 सागरी मैलांवर परदेशी झेंड्याचा टँकर फुटलाय. तेलाचा तवंग भाट्याच्या किनाऱ्याकडे सरकतोय, मालक दाद देत नाही, शेवटी भारत जहाज पेटवून देतो. मूट कोर्टात, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यात, असा प्रश्न आला की विद्यार्थी पहिल्याच वाक्यात ‘नेसेसिटी’ (देशाने नाइलाजाने आंतरराष्ट्रीय नियम मोडला, हा बचाव) म्हणतो आणि तिथेच फसतो.

कारण या बचावात नियम मोडल्याचं गृहीतच धरलेलं असतं. तो खरंच मोडलाय का, हे आधी बघा. 12 मैलांच्या प्रादेशिक समुद्राबाहेरही अपघातग्रस्त जहाजावर धोक्याच्या प्रमाणात कारवाई करायला समुद्र कायद्याच्या कराराचं आर्टिकल 221 वाव देतं. त्यात मासेमारीचं हितही येतं. हा मुद्दा टिकला तर माफी कशाला मागायची? 1967 मध्ये ब्रिटनने ‘टॉरी कॅन्यन’ या फुटलेल्या टँकरवर बॉम्ब टाकले तेव्हा असा करार नव्हता, म्हणून ते उदाहरण इथे जसंच्या तसं चिकटवू नका.

आर्थिक संकटानंतर परदेशी गुंतवणूकदारांनी अर्जेंटिनावर केलेल्या खटल्यांतही हाच घोळ झाला. गुंतवणूक करारातलं संकटकाळाचं कलम आणि आर्टिकल 25 (देशांच्या जबाबदारीवरच्या 2001 च्या मसुद्यातला नेसेसिटीचा नियम) एकच मानल्याबद्दल ‘सीएमएस’ कंपनीच्या खटल्यातल्या निवाड्यावर 2007 मध्ये रद्दीकरण समितीने (निवाडा रद्द करायचा का, हे ठरवणाऱ्या समितीने) कडक टीका केली.

221 तोकडं पडलं, तरच 2001 च्या मसुद्यातल्या आर्टिकल 25 कडे वळा. त्याची भाषाच नकारार्थी आहे: अमुक असल्याशिवाय हा बचाव घेता येणार नाही. मार्ग ‘एकमेव’च हवा. टग (जहाज ओढणारी बोट) मागवणं महाग किंवा कटकटीचं होतं, पण शक्य होतं, तर बचाव कोसळला. धोकाही गंभीर आणि अगदी तोंडावर आलेला हवा. डॅन्यूब नदीवरच्या धरणांच्या गाबचिकोवो-नाग्यमारोस खटल्यात (1997) पर्यावरण हे हंगेरीचं अत्यावश्यक हित असू शकतं हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मानलं, पण धोका पुरेसा निकट नव्हता. शिवाय परिस्थिती ओढवण्यात हंगेरीचाच हातभार होता. समोरच्या देशाच्या अत्यावश्यक हितावर गंभीर घाला येतो का, हे मात्र बरेच जण तपासतच नाहीत.

वादळात जीव वाचवायला देवगड बंदरात शिरलेली परदेशी बोट हा त्याच मसुद्यातल्या आर्टिकल 24 चा, म्हणजे डिस्ट्रेसचा विषय. तो इथे आणू नका.

आणि बचाव मान्य झाला तरी जळालेल्या टँकरच्या भरपाईचा प्रश्न आर्टिकल 27 खाली उघडाच राहतो. मेमोरियलमध्ये (लेखी युक्तिवादात) त्यावर दोन ओळी नसल्या, की जज नेमके तिथेच बोट ठेवतात.