पुन्हा लॉकडाऊन लागला तर: घरात भरून ठेवायची कागदांची पिशवी

निपाणीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं छोटं दुकान आहे. लॉकडाऊनमध्ये शटर बंद होतं, तेव्हा घरच्या सोप्यात लॅपटॉप घेऊन बसायचे आणि कर्नाटक सरकारच्या ‘सेवा सिंधू’ पोर्टलवर अर्ज भरून द्यायचे. 2020 साली न्हावी, परीट, रिक्षा-टॅक्सीवाल्यांना सरकारनं 5,000 रुपये जाहीर केले. 2021 मध्ये रिक्षाचालक आणि बांधकाम कामगारांना 3,000, तर शिंपी, हमाल, घरकाम करणाऱ्या बायकांना 2,000. गरज सगळ्यांनाच होती, पण कितीतरी जणांचं नुसत्या कागदावरून अडलं. म्हणून सांगते, हे काम आत्ता, निवांत असताना करा.

पहिलं नाव बघा. आपल्या सीमाभागात घोळ इथंच होतो. शाळेचा दाखला मराठी, रेशन कार्ड कन्नड, पासबुक इंग्रजी. कन्नडातलं ‘कांबळे’ इंग्रजीत ‘के ए एम बी ए एल ई’ होतं आणि मराठी दाखल्यावरून आलेलं ‘के ए एम बी एल ई’. एका ‘ए’चा फरक, पण अर्ज अडतो. आधार, रेशन कार्ड, पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर बोटानं लावून बघा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तेव्हा कुठलं स्पेलिंग कायम ठेवायचं हे घरात बसून ठरवा, मगच केंद्रावर जा.

दुसरं, बँक. सरकारी मदत आधारवरून येते तेव्हा ती तुम्ही सगळ्यात शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं त्या खात्यात पडते. शिलाईकाम करणाऱ्या एक मावशी पैसे आलेच नाहीत म्हणून तीनदा माझ्याकडे आल्या. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, “मावशी, दुसरं खातं कुठं काढलंय काय?” बराच वेळ विचार करून म्हणाल्या, “कागलला काढलं होतं की, कंपनीत कामाला होते तेव्हा.” पैसे तिथंच पडून होते. आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, साइटवर दोन मिनिटांत कळतं. जुनं पासबुक असेल तर आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा, कोडही तपासा. सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने कोड 1 जुलै 2021 पासून बंद झाले.

तिसरी गोष्ट विडी वळणाऱ्या बायकांसाठी. वर्षानुवर्षं पान-तंबाखू हाताळून बोटाच्या रेषा झिजतात आणि मशीनवर थंब उठत नाही. एका आजींची दहाही बोटं मी पुसून पुसून लावली, एकही लागलं नाही. त्या हात पदरात लपवून बसल्या, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. यात लाजण्यासारखं काहीच नाही. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असला की बरीच कामं ओटीपीवर होतात. नंबर मात्र घरातल्या माणसाचाच द्या. एजंटाचा देऊ नका.

गाडा लावणाऱ्यांनी नगरपालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र काढून ठेवावं. 2020 ची पीएम स्वनिधी योजना त्यावरच होती: तारण न देता 10,000 रुपये, वर्षभरात फेड, हप्ते वेळेवर भरले तर व्याजात 7 टक्के सवलत. छोट्या दुकानदारांनी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची छोट्या धंद्यांची नोंदणी, करावी. ती फुकट होते, तिचे पैसे कुणालाही देऊ नका.

आता दवाखान्याचे कागद. आपली माणसं उपचाराला कोल्हापूरलाही जातात आणि बेळगावलाही. 2021 मध्ये महाराष्ट्रातून परत येताना राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर 72 तासांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर (कोविड चाचणीचा) रिपोर्ट लागायचा. ऑगस्टमध्ये तर लस घेतलेल्यांनाही. असा कुठलाही रिपोर्ट, निगेटिव्ह असो की पॉझिटिव्ह, काम झालं की टाकून देऊ नका. कोविडनं माणूस गेलं तर घरच्यांना 50,000 रुपये मिळतील, असं पुढं ठरलं. पॉझिटिव्ह आल्यापासून 30 दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो घरी झाला तरी धरला गेला. पण पॉझिटिव्ह रिपोर्ट, एसआरएफ आयडी (चाचणीच्या नमुन्याचा नंबर), डिस्चार्ज कार्ड हे सगळं दाखवायला लागलं, आणि अनेकांनी तोवर ते दुःखाच्या भरात टाकून दिलं होतं.

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. मोबाइलवर फोटो काढून एक प्रत मुलाला किंवा सुनेला पाठवा. पावती गुळगुळीत थर्मल कागदाची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. त्याची अक्षरं काही महिन्यांत उडतात.