१२७ वर हात बसवा, मग ४ कोटी अंकांची मूळ संख्या समजते

बेळगावची गाडी केए २२, चिकोडीची केए २३. त्यातला २३ मूळ, २२ नाही, हे शाळेतलं पोरगं पण सांगतंय. (आम्ही मूळ संख्या म्हणतो, कन्नड शाळेतला भाचा अविभाज्य म्हणतो, एकच ते.) पुढचा चार आकडी नंबर तपासायचा असला तर १०० च्या आतल्या २५ मूळ संख्यांनी भागून बघायचं, एकानंही भाग गेला नाही की मूळ, कारण १०० चा वर्गच १०,००० होतोय.

पण ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना जिम्प्स प्रकल्पात (जगभरचे लोक आपापल्या कॉम्प्युटरवर अशा प्रचंड मूळ संख्या शोधतात तो) जी मूळ संख्या सापडली ती आहे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, अंक ४,१०,२४,३२०, तिला भागत बसलात तर जन्म पुरायचा नाही.

अशा संख्येत आधी घात बघा, तो स्वतः मूळ पाहिजेच. तेवढ्यावर खूश होऊ नका मात्र, ११ मूळ आहे पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते निघतात २३ गुणिले ८९. परत चिकोडी आडवी आली बघा!

मग ल्युकास-लेहमर टेस्ट, म्हणजे अशी संख्या मूळ आहे का ते पक्कं सांगणारी रीत. २ चा ७ वा घात वजा १ म्हणजे १२७ घ्या. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करायचा, २ वजा करायचे, १२७ नं भागून बाकी तेवढी ठेवायची, आणि हे घातापेक्षा दोन कमी वेळा म्हणजे ५ वेळा. ४ चे १४ होतात. १४ चा वर्ग १९६, दोन गेले १९४, बाकी ६७. ६७ चे ४४८७, बाकी ४२. ४२ चे १७६२, बाकी १११. १११ चे १२३१९, आणि ते बरोबर १२७ गुणिले ९७, बाकी शून्य. शेवटी शून्य आलं की मूळ, नाही आलं की नाही.

मी पहिल्यांदा ६७ च्या वर्गातून २ काढायलाच विसरलो, ४४ धरून पुढं गेलो, मग २९, मग ७७, आणि बिचारी १२७ मूळच नाही असा निकाल लावून बसलो. घरचे म्हणतात, "काय करूलास एवढं रात्री?" काय सांगणार.

त्या मोठ्या संख्येला हेच १३६२७९८३९ वेळा करावं लागतंय. तिथं आधी ग्राफिक्स कार्डवर वेगळ्या टेस्टनं बहुतेक मूळच असणार एवढं काढलं, पक्कं केलं ते ह्याच टेस्टनं.

तिचा शेवटचा अंक मात्र चहा येईपर्यंत निघतो. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात, म्हणून घाताला ४ नं भागायचं, त्यासाठी घाताचे शेवटचे दोनच अंक, ४१, बघितले तरी चालतंय. बाकी १, म्हणजे घात २ वर संपणार, त्यातून १ गेला, उरला १.